आम्ही येऊ का?

श्यामकांत उपासनी ह्या माणसाच्या तोंडून कोणाला कधी 'नको' गेलेलं नाही. बोरीवलीच्या शुभंकर सोसायटीत हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि ज्याने त्याने आपापल्या परीने त्याचा फायदाही घेतलाय. त्यांच्याकडे पाणी शुद्ध करायची तीन यंत्रं आहेत. एक भिंतीवर आणि दोन माळ्यावर. दारावर विकायला आलेल्या माणसाला ते आधी पाणी विचारतात, मग चहा विचारतात, आणि चहा पिऊन झाल्यावर त्या बिचाऱ्याला रिकाम्या हाताने कसं पाठवायचं म्हणून यंत्र घेतात. चौथ्या यंत्राच्या वेळी त्यांच्या पत्नी जयंतीताईंनी दार उघडायचं खातं स्वतःकडे घेतलं. पण घराचं दार सांभाळता येतं हो, कॉम्प्युटरला दारं किती, हे कोणाला माहीत होतं?

झालं सगळं एका पक्ष्यापायी.

जयंतीताई वयाच्या एकसष्टाव्या वर्षी निसर्ग मार्गदर्शकाच्या परीक्षेला बसल्या होत्या. सहा महिने दर रविवारी गळ्यात दुर्बीण अडकवून नॅशनल पार्कात हिंडल्या. तीन जाड वह्या भरल्या. पास झालं की शाळेच्या मुलांना पार्कात फिरवायचं काम मिळणार होतं, आणि मुख्य म्हणजे गळ्यात ओळखपत्र येणार होतं. "मला माझ्या नावाचं, माझ्या फोटोचं एक ओळखपत्र हवंय," त्या म्हणाल्या होत्या. "रेशनकार्डात मी चाळीस वर्षं आहेच." हे त्या हसत म्हणाल्या होत्या, पण श्यामकांतरावांना ते लागलं होतं.

परीक्षा घरबसल्या होती, रविवारी अकराला. नियम मात्र कडक. नोंदवलेल्या कॉम्प्युटरवरच द्यायची, खोलीत दुसरं माणूस नको, आणि परीक्षा चालू असताना पडद्यावर दुसरी कुठलीही खिडकी उघडली की परीक्षा तिथल्या तिथे बंद. पुढची संधी थेट पुढच्या मार्चमध्ये. हे सगळे नियम श्यामकांतरावांनीच मोठ्याने वाचून दाखवले होते. एका विमा कंपनीच्या पत्रव्यवहार विभागात बत्तीस वर्षं काढल्यामुळे घरात नियम वाचून दाखवायचा मान त्यांचा.

तर त्या बुधवारी दुपारी ते जयंतीताईंची उजळणी घेत होते.

"तांबट. आवाज?"

"टुक्, टुक्, टुक्. तांब्याच्या भांड्यावर हातोडी मारावी तसा. एका लयीत, कितीतरी वेळ."

"म्हणजे नक्की कसा?"

"अहो, कान उघडे ठेवा की कधीतरी," असं म्हणून जयंतीताई वह्या उचलून मैत्रिणीकडे अभ्यासाला निघून गेल्या.

आता, 'म्हणजे नक्की कसा' हा प्रश्न श्यामकांतरावांना लहानपणापासून छळतो. लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याशेजारी ते एकदा अडीच तास उभे होते, आणि शेवटी त्याने कंटाळून त्यांच्या हातात पाना दिला होता. तेव्हा हा तांबट त्यांना स्वस्थ बसू देणं शक्यच नव्हतं. शिवाय मनात आलं, आवाज शोधून ठेवला तर संध्याकाळी जयंतीला ऐकवता येईल. खूश होईल. ते कॉम्प्युटरपुढे बसले. त्यात बाहेर कोणाकडे तरी काम काढलेलं, टक टक टक टक एकसारखं चालू. दुपारी दोन ते चार ठोकाठोकी बंद, हा सोसायटीचा ठराव आहे आणि तो मांडणारे स्वतः श्यामकांतराव. चडफडत उठून त्यांनी खिडकी लावून घेतली.

'पक्ष्यांचे आवाज मोफत' असं एक पान सापडलं. त्यावर हिरवी बटणं पाच. खरं कुठलं? श्यामकांतरावांनी विचार केला आणि सगळ्यात मोठं दाबलं. मग एक चौकट आली. तिच्यात बारीक अक्षरात सहा ओळी, प्रत्येक ओळीपुढे चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात आधीच बरोबरची खूण केलेली. इथे दुसरा कोणी असता तर थबकला असता. पण बत्तीस वर्षांची सवय! ऑफिसात ज्या कागदावर आधीच्या टेबलाने खूण केलेली असे, त्यावर सही ठोकून तो पुढच्या टेबलाकडे पाठवायचा असे. आधीच्याने वाचलं असेल म्हणूनच खूण केली ना? आपण पुन्हा वाचणं म्हणजे सहकाऱ्याचा अपमान. त्यांनी 'पुढे' दाबलं. पुन्हा 'पुढे'. पुन्हा 'पुढे'.

तांबट आला नाही. दुसरंच काहीतरी आलं.

कॉम्प्युटर उघडला की पहिलं पान जयंतीताईंच्या अभ्यासवर्गाचं येत असे. तिथे आता झगझगीत जांभळं पान आलं. वर नाव, 'शोधसखा'. खाली, 'नमस्कार मित्र! आज काय शोधणार?' आणि माथ्यावर एक आडवी पट्टी चिकटलेली. तिच्यात राशिभविष्य, कुठल्याशा बर्फाळ गावाचं तापमान आणि डोळा मारणारा एक पिवळा चेहरा. श्यामकांतरावांनी सौजन्याने 'तांबट आवाज' असं लिहिलं. शोधसख्याने तांब्याच्या घागरींची बेचाळीस दुकानं काढून दिली.

"मनुष्य चांगला आहे, पण ऐकू कमी येतं," श्यामकांतराव स्वतःशीच म्हणाले आणि त्यांनी पट्टीच्या कोपऱ्यातली फुली दाबली.

लगेच मधोमध एक खिडकी आली. श्यामकांतरावांनी, आपल्या घरात सगळं मराठीतच, ह्या हट्टाने कॉम्प्युटर मराठी करून ठेवला होता. पट्टीनेही ते हेरलं असावं. खिडकीत लिहिलं होतं:

'आपण व्यस्त दिसता. आम्ही येऊ का?'

खाली दोन बटणं. हिरवं 'या'. करडं 'नको'.

श्यामकांतराव भारावले. काय वळण आहे, काय संस्कार आहेत! आजकाल सख्खे भाचे निघताना फोनमध्ये बघत 'बाय' म्हणतात. आणि ही परकी पट्टी, आपण कामात आहोत हे ओळखून, रीतसर विचारून निघते आहे. "या, या," ते मोठ्याने म्हणाले आणि त्यांनी 'या' दाबलं. पट्टी गेली. ते पाणी पिऊन आले तर पट्ट्या दोन होत्या.

विसरलं असेल काही, असं त्यांना वाटलं. पाहुणे निघाले की छत्री विसरतात, परत येतात. त्यांनी पुन्हा फुली दाबली. 'आपण व्यस्त दिसता. आम्ही येऊ का?' "या!" ह्या वेळी जरा ठासून. पट्ट्या तीन झाल्या.

मग त्यांना नियम आठवले. परीक्षेच्या संस्थेने 'यंत्र तपासणी' म्हणून एक पान दिलं होतं. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत तिथे हिरवी खूण मिळाली पाहिजे, नाहीतर रविवारी परीक्षेचं दार उघडणारच नाही. श्यामकांतरावांनी लगोलग तपासणी चालवली. लाल अक्षरं आली: 'परकी खिडकी आढळली. यंत्र अपात्र.'

त्यांनी मदत क्रमांकावर फोन लावला. पंचवीस मिनिटं बासरी ऐकल्यावर एका मुलीचा आवाज आला.

"यंत्र बदलायचं असेल तर सात दिवस आधी अर्ज करावा लागतो, सर."

"अहो, पण परीक्षा चार दिवसांवर आलीय."

"म्हणजे तीन दिवस उशीर झालाय, सर."

"मग समजा, मी अर्जावर तीन दिवसांपूर्वीची तारीख घातली..."

"सर, हा कॉल रेकॉर्ड होतोय."

श्यामकांतरावांनी फोन असा ठेवला की जणू त्यांचा चुकून लागला होता.

संध्याकाळी जयंतीताई परतल्या तेव्हा कॉम्प्युटरवर लग्नातला भरतकामाचा रुमाल घातलेला होता.

"हे काय?"

"धूळ फार येते. कोणाकडे तरी काम चाललंय ना."

"तपासणी केलीत का?"

"चालू आहे," श्यामकांतराव म्हणाले. हे खोटं नव्हतं. पण रात्री त्यांनी भात तसाच ताटात ठेवला. सहा महिने ही बाई पाय तुटेस्तोवर जंगलात हिंडली, आणि आपण एका दुपारीत तिच्या वाटेत हे काय आणून ठेवलं! सांगावं असं दहादा वाटलं. जयंतीताई वहीत डोकं घालून 'धनेश, हळद्या, स्वर्गीय नर्तक' असं पुटपुटत होत्या. त्यांचा चेहरा बघून सांगवेना.

गुरुवारी त्या बाहेर पडल्याबरोबर श्यामकांतरावांनी शेजारचे देवव्रत ह्यांना बोलावलं. देवव्रत हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यापासून ते सगळंच शिकवतात. बोलावण्याआधी श्यामकांतरावांनी जरा टेहळणी केली.

"काय हो, तुमच्याकडे काही काम काढलंय का? ठोकाठोकी?"

"माझ्याकडे?" देवव्रतांचा चेहरा पडला. "मी काम काढलं असतं तर तुम्हाला रंग निवडायला बोलावलं नसतं का? मला वाटलं तुमच्याकडेच चाललंय. मी शिष्टाचार म्हणून बोललो नाही."

तो विषय तिथेच ठेवून देवव्रत कॉम्प्युटरपुढे बसले आणि त्यांनी पट्ट्यांचं सूक्ष्म निरीक्षण केलं. "श्यामराव, कुठल्याही ज्वलनाला काय लागतं? ऑक्सिजन! ह्यांचा ऑक्सिजन म्हणजे इंटरनेट. वायर काढा." वायर काढली. दोघांनी तासभर राखण केली. पट्ट्या जिथल्या तिथे होत्या, फक्त बर्फाळ गावाचं तापमान बदलायचं थांबलं. "बघा, गुदमरताहेत," देवव्रत म्हणाले. वायर परत लावली. तापमान बदललं आणि शेजारी चौथी पट्टी आली.

"मग आता रसायन वापरू," असं म्हणून देवव्रतांनी एक 'मोफत सफाई' नावाचा प्रोग्रॅम शोधला. शोधला कुठे, तर शोधसख्यावर. हिरवी बटणं आली, चौकट आली, चौकोनात आधीच केलेल्या खुणा आल्या. आता दोन निवृत्त माणसं एकमेकांवर विश्वास ठेवून बसलेली. 'पुढे', 'पुढे', 'पुढे'. सफाई झाल्यावर पट्ट्या सात भरल्या. प्रत्येक पट्टी फुली दाबल्यावर अदबीने विचारी, 'आम्ही येऊ का?' आणि देवव्रतही मान डोलावून म्हणत, "अहो, या म्हणा ना. ताटकळत काय ठेवताय?"

शेवटी पडद्यावर खऱ्या मजकुराला दोन बोटांची जागा उरली. बाकी सगळीकडे पिवळे चेहरे डोळे मारत होते.

त्या दुपारी श्यामकांतरावांनी दोन कागद लिहिले. पहिला सोसायटीच्या तक्रार रजिस्टरात. 'काल व आज दुपारी दोन ते चार या निषिद्ध वेळेत इमारतीच्या मागील बाजूस अज्ञात सभासदाकडून सतत ठोकाठोकी चालू असून शांततेचा भंग होत आहे. सबब संबंधितांस समज देण्यात यावी.' दुसरं पत्र जरा अवघड होतं. ते ई-मेलने गेलं.

'प्रति, मा. व्यवस्थापक, शोधसखा (पट्टी विभाग). विषय: आपण आमच्या संगणकावर वास्तव्य करीत असल्याबाबत. महोदय, वरील विषयास अनुसरून कळविण्यात येते की, आपण वारंवार निरोप घेऊनही प्रत्यक्षात जात नाही. आपल्या सौजन्याबद्दल आदर राखून विनंती की, माझ्या पत्नीची परीक्षा रविवारी असल्याने आपण शनिवार सायंकाळी पाचपूर्वी सहकुटुंब जागा रिकामी करावी. कळावे, लोभ असावा.'

एका मिनिटात उत्तर आलं. 'अभिनंदन! आपला ई-मेल पत्ता आम्हास मिळाला.' त्यानंतर तासाभरात छप्पन्न ई-मेल आले, केस उगवायच्या तेलापासून क्रेनच्या सुट्या भागांपर्यंत. ते एक वेळ चाललं असतं. पण उत्तरात जावक क्रमांक नव्हता, ह्याने श्यामकांतराव खरे दुखावले. कोण माणसं ही, कुठे बसतात, ह्यांचं टेबल तरी असतं का? अपमान झाला होता, तरीही त्यांना हे जाणून घ्यायचं होतंच.

शुक्रवारी तळमजल्यावरचे अण्णा आपणहून वर आले. बातमी देवव्रतांनी दिली असणार. अण्णा मूळचे मालवणकडचे, उभं आयुष्य गिरणीत गेलेलं, वय पंच्याहत्तर. श्यामकांतरावांना ते एकेरीच हाक मारतात. ते कॉम्प्युटरसमोर स्टुलावर बसले, चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"श्यामकांता, ही वायरीबियरीची भानगड नाय. ह्येका मान व्हयो आसा."

"मान?"

"आमच्याकडे असला काय इला तर आधी नारळ ठेवतंव आणि सांगतंव, बाबा, तुझो मान तुका दिलो, आता इल्या पावली परत जा. उगाच 'हाड हाड' केलंस तर ता बसता थंयसरच."

श्यामकांतरावांचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पण हे नक्की कसं करतात ह्याची उत्सुकता होती, आणि घरात नारळही होता. नारळ कीबोर्डापुढे ठेवला गेला. अण्णांनी हात जोडून खड्या आवाजात गाऱ्हाणं घातलं, "बा महाराजा, ह्या लेकरान चुकान एक बटण दाबल्यान, पण त्येच्या बायलेची परीक्षा आसा..." आणि दर वाक्याला देवव्रत दारातून "होय महाराजा" म्हणाले. इंटरनेटला ऑक्सिजन मानणारा माणूस, पण साथ त्याने खणखणीत दिली. गाऱ्हाणं संपलं. श्यामकांतरावांनी फुली दाबली.

'आपण व्यस्त दिसता. आम्ही येऊ का?'

"बघ!" अण्णांचे डोळे चमकले. "विचारता हा! या म्हण, या म्हण!"

श्यामकांतरावांनी 'या' दाबलं. पट्ट्या नऊ झाल्या, आणि नवव्या पट्टीतून एक बाई घागरींची जाहिरात गाऊ लागली. अण्णा उठले, नारळ काखेत मारला आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "ह्यो आपल्याकडचो नसा."

शनिवारी दुपारी तीन वाजेपर्यंत श्यामकांतरावांनी आशा सोडली होती. जयंतीताई पार्कात शेवटच्या फेरीला गेल्या होत्या. पाचला तपासणी बंद. बागेत चक्कर मारावी, तिथेच बसावं, नाहीतर सरळ परगावी निघून जावं, असे विचार करत ते लिफ्टमध्ये शिरले, तर आत श्रुतिका. सहाव्या मजल्यावर राहते, बत्तीस-तेहतीसची असेल, पवईला एका सॉफ्टवेअर कंपनीत साहेब आहे. तिला विचारायचं चार दिवस त्यांच्या मनात होतं. पण ही लहान असताना तिचे निबंध श्यामकांतरावांनी तपासलेले. तिच्यापुढे कसं म्हणायचं, मला कळत नाही?

"काय काका, तब्येत बरी ना?"

"उत्तम. अगं, माझा एक मित्र आहे. त्याच्या कॉम्प्युटरवर म्हणे नऊ पट्ट्या आल्यात."

श्रुतिकाने त्यांच्याकडे नीट पाहिलं. "चला, मित्राचा कॉम्प्युटर बघू."

रुमाल बाजूला केल्यावर तिने एकेक करून पट्ट्या मोजल्या. मग म्हणाली, "काका, वाट लागलीय यार." आणि बसून तिने एक फुली दाबली. खिडकी आली.

"आता 'या' दाब," श्यामकांतराव मदतीला सरसावले.

"'या' का?"

"अगं, निघतोय ना तो. विचारतोय, येऊ का? आपण म्हणायचं, या."

श्रुतिकाची खुर्ची गर्रकन वळली. "काका! तो आत येऊ का विचारतोय! आणखी एक पट्टी आत घेऊन येऊ का! आणि तुम्ही चार दिवस त्याला 'या' म्हणताय?"

श्यामकांतराव जागच्या जागी उभे राहिले. "पण... निघताना माणूस 'येऊ का' असंच विचारतो. 'जाऊ का' असं कोणी विचारतं का? अभद्र!"

"काका, हे इंग्रजीतून मशिनने केलेलं मराठी आहे. त्याला कुठे माहितीय आपण जाताना 'येतो' म्हणतो? 'नको' दाबा."

"'नको' म्हटलं तर अर्थ होईल, जाऊ नका, बसा! चहा टाकतो!"

"तुमच्या-माझ्या घरात होईल. त्याच्या घरात 'नको' म्हणजे नको." तिने माउस त्यांच्या हातात दिला. "तुम्हीच दाबा."

श्यामकांतरावांनी करड्या बटणावर बाण नेला. आलेल्याला तोंडावर 'नको' म्हणायचं! हात अडला. मग त्यांना जयंतीताईंच्या त्या तीन जाड वह्या दिसल्या, टेबलाच्या कोपऱ्यावर, एकावर एक रचलेल्या. त्यांनी डोळे मिटले आणि दाबलं. पट्टी गेली. त्यांनी वाट पाहिली. पट्टी आली नाही.

"गेली!" ते ओरडले. "श्रुतिका, गेली गं!"

"अजून खरी गेली नाहीत. आता मुळापासून काढू." आणि मग पुढचा तासभर श्यामकांतराव इतके रंगले की परीक्षेची भीतीही मधूनमधून विसरले. शोधसखा नक्की राहतो कुठे, हे त्यांना एकदाचं दिसलं. प्रोग्रॅमच्या यादीत तो बुधवारच्या तारखेने सरळ नाव लावून बसला होता, मागे देवव्रतांची सफाई गुरुवारच्या तारखेने. आवक रजिस्टरासारखी चोख नोंद! त्यांना यादीतून काढलं. मग ब्राउझरला चिकटलेली एक्स्टेन्शन नावाची जोडकामं एकेक करून उचकटली, सूचना पाठवायच्या परवानग्या रद्द केल्या, ब्राउझर पहिल्यासारखा करून घेतला, आणि पहिलं पान पुन्हा जयंतीताईंच्या वर्गाचं लावलं. प्रत्येक पायरीला श्यामकांतराव विचारत, "म्हणजे नक्की कसं?" आणि श्रुतिका घड्याळाकडे बघत सांगे.

"एवढं लक्षात ठेवा, काका. आयत्या केलेल्या खुणा आधी काढायच्या. सगळ्या. कोणी केल्या ते माहीत नसेल तर सही नाही."

हे वाक्य बत्तीस वर्षांपूर्वी कोणी सांगितलं असतं तर आपली बढती झाली असती, असं श्यामकांतरावांना वाटून गेलं.

पाचला आठ मिनिटं कमी असताना तपासणीच्या पानावर हिरवी खूण आली.

संध्याकाळी त्यांनी जयंतीताईंना सगळं सांगितलं. नारळासकट. "माझ्यामुळे तुझं वर्ष गेलं असतं," ते म्हणाले.

जयंतीताईंनी गळ्यातली दुर्बीण काढून ठेवली. "आणि हे सगळं तांबटाचा आवाज ऐकायला?"

"तुला ऐकवायला."

"ऐकलात?"

"नाही."

"उद्या अकरा ते साडेबारा स्वयंपाकघरात बसा," त्या म्हणाल्या. "आणि कोणालाही 'या' म्हणू नका."

रविवारी श्यामकांतराव दार ओढून घेऊन स्वयंपाकघरात बसले. हातात चिमटा होता, कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मनात एकच घोकत होते, येऊ का म्हणजे नको, येऊ का म्हणजे नको. बाहेरच्या खोलीतून आधी कळा दाबल्याचे आवाज आले, मग तोंडी परीक्षा घेणाऱ्या सर्वेश सरांचा आवाज, मग जयंतीताईंची शांत, ठाम उत्तरं. कान देऊन ऐकताना श्यामकांतरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. आपली बायको एवढं जाणते, हे आपल्याला कुठे ठाऊक होतं? बाहेरची ती मेली टक टक तेवढी आजही चालू होती. रविवारीसुद्धा!

साडेबारा होत आले. खोलीतून पुरुषाचा आवाज आला, गोड, अदबशीर.

"बराच वेळ घेतला तुमचा. येऊ का?"

श्यामकांतराव चिमट्यासकट बाहेर धावले. "नको! जयंती, नको म्हण! दाब, नको दाब! नको!"

पडद्यावर मध्यमवयीन, चष्मा लावलेला एक माणूस तोंड उघडं टाकून बघत होता. जयंतीताईंचा चेहरा पांढरा पडला. खोलीत दुसरं माणूस. तेही चिमटा घेऊन.

"हे..." सर्वेश सरांनी विचारलं.

"आमचे मिस्टर," जयंतीताई कशाबशा म्हणाल्या.

सर्वेश सरांचा चेहरा हळूहळू उजळला. "अहो, एवढा आग्रह? आजकाल कोणी 'नको, बसा' म्हणतं का! परीक्षा मघाशीच बंद केलीय मी, त्यामुळे काळजी नको. बसतो दोन मिनिटं." ते खरंच खुर्चीत टेकले. "एक विचारू, ताई? मघापासून मागे सारखी टुक् टुक् ऐकू येतेय. तुमच्याकडे काही काम चाललंय का?"

"तक्रार दिलीय मी!" श्यामकांतराव चिमटा उंचावून म्हणाले. "लेखी! रजिस्टरात!"

जयंतीताईंनी डोळे मिटून घेतले. "तांबट आहे, सर. मागच्या पिंपळावर. फेब्रुवारीपासून जोडी आहे."

"व्वा," सर्वेश सर म्हणाले. "हे परीक्षेत धरता येणार नाही. पण ओळखपत्रासाठी फोटो तेवढा पाठवून ठेवा. निकाल रीतसर येईलच. बरं, आता खरंच येतो हं."

जयंतीताईंनी नवऱ्याकडे पाहिलं. श्यामकांतरावांनी पडद्यावर वरून खालून नजर फिरवली, कुठे पट्टी नाही ह्याची खात्री करून घेतली आणि म्हणाले, "या."

पडदा कोरा झाला. जयंतीताई उठल्या. त्यांनी बुधवारपासून लावून घेतलेली खिडकी सताड उघडली आणि श्यामकांतरावांच्या हातातला चिमटा काढून तिथे दुर्बीण दिली. "ती वरची फांदी. डावीकडे."

हिरवागार, मुठीएवढा, कपाळावर लाल ठिपका. गळा फुगवून, मान हलवत, एका लयीत, कितीतरी वेळ. श्यामकांतराव 'म्हणजे नक्की कसं' हे विचारायचं विसरून बघत राहिले. जयंतीताईंनी फोटोसाठी केस विंचरायला घेतले तरी ते तिथेच होते.

संध्याकाळी खाली उतरून त्यांनी तक्रार रजिस्टर मागवलं आणि आपल्या वळणदार अक्षरात नोंद केली: 'गुरुवारची तक्रार मागे घेत आहे. ठोकाठोकी करणारे सोसायटीचे सभासद नसून इमारतीमागील पिंपळावरील जुने रहिवासी आहेत. त्यांचे काम दुपारी दोन ते चार या वेळेतही चालू राहण्यास निम्नस्वाक्षरीकाराची हरकत नाही.'